मत खरंही असतं, मग ज्ञान कशाला म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कुठल्याही विषयावर बोलणं निघालं की एक जण म्हणतो "हे सत्य आहे", दुसरा म्हणतो "हे तुझं मत झालं", आणि तिसरा दोघांना गप्प करतो, "शेवटी सगळी मतंच असतात". तत्त्वज्ञानाच्या शिस्तीने विचार केला तर सत्य आणि मत वेगळं काढता येतं का? आणि दोन्ही बाजूंनी पुरावा पाहून झाल्यावरही मतभेद उरला तर काय करायचं? मी बरीच वर्षं तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय, याचा अभ्यास) शिकवतो आहे. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच एक गाठ सोडवावी लागेल. सत्य आणि मत या एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी नाहीत. सत्य हा विधानाचा गुण आहे. वस्तुस्थिती जशी आहे तसंच विधान सांगत असेल तर ते खरं, नाहीतर खोटं. मत म्हणजे एखाद्या विधानाला कुणीतरी दिलेली मान्यता. त्यामुळे मत खरं असू शकतं, खोटं असू शकतं, आणि सत्य कुणाचंही मत नसतानाही सत्यच असतं. हे विधान पाहा: '१ जानेवारी १९०० रोजी ग्रिनिच वेळेनुसार दुपारी बारा वाजता पृथ्वीवर जिवंत असलेल्या माणसांची संख्या सम होती.' हे एकतर खरं आहे किंवा खोटं. ते कुणालाच माहीत नाही आणि यापुढे कधी कळणारही नाही. तरी कुणी छातीठोकपणे "समच होती" म्हणाला, तर त्याचं ते मत खरं असण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. मत आहे, कदाचित सत्यही आहे, पण ज्ञान मुळीच नाही.

म्हणून "हे सत्य की मत?" असं विचारण्यात फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: हे विधान मी खरं मानतो आहे ते कशाच्या आधारावर, आणि तो आधार त्याचं वजन पेलतो का?

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने हा मुद्दा 'मेनो' या संवादात फार नेमका पकडला आहे. लारिसा या ग्रीक शहराला जाणारा रस्ता एकाला चालून माहीत आहे. दुसरा तिथे कधी गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघांपैकी कुणाच्याही मागून गेलात तरी तुम्ही लारिसाला पोचता. मग ज्ञानाला जास्त किंमत का द्यायची? संवादातला सॉक्रेटिस, म्हणजे प्लेटोचा गुरू, म्हणतो, ग्रीक कथांतला शिल्पकार डीडॅलस याने घडवलेले पुतळे इतके सजीव होते की बांधून ठेवले नाहीत तर पळून जायचे, अशी आख्यायिका आहे. खरी मतंही तशीच, कारणाने बांधून ठेवली नाहीत तर मनातून निघून जातात. अंदाज बरोबर असलेला माणूस पहिल्याच फाट्यावर कुणी ठामपणे "उजवीकडे वळा" म्हणालं की वळेल, कारण डावीकडे का जायचं हे त्याला माहीतच नाही. 'थिएटेटस' या संवादात प्लेटो हेच न्यायालयाच्या उदाहरणातून दाखवतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच कळेल अशी घटना. वकील उत्तम बोलतो, न्यायमंडळाला पटतं, आणि योगायोगाने निकाल योग्य लागतो. त्यांचं मत खरं निघालं, पण त्यांना ते 'माहीत' होतं असं म्हणता येत नाही.

आता वाटेल की सोपं आहे: खरं मत आणि त्याला कारण, झालं ज्ञान. पण इथेही एक फट आहे, आणि ती भारतीय तार्किकांनी फार आधी पाहिली होती. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाचं उदाहरण घ्या. मांस भाजण्यासाठी नुकतीच आग पेटवली आहे, धूर अजून नाही, पण वासाने कीटकांचा थवा जमला आहे. दुरून पाहणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, "तिथे आग आहे." आग आहेच. त्याच्याकडे कारणही आहे. पण ते कारण आणि ती आग यांचा त्याला वाटतो तसा संबंध नाही. बाराव्या शतकात श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने याच धाटणीचा प्रश्न मुठीतल्या कवड्यांवरून विचारला: कुणी अंदाजाने "पाच" म्हणालं आणि मूठ उघडल्यावर पाचच निघाल्या, तर त्याला ज्ञान झालं होतं का? १९६३ साली अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटिअर यांनी जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हीच अडचण नव्याने ऐरणीवर आली. या सगळ्यातून मी रोजच्या वापरासाठी एक गोष्ट घेतो. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून त्यामागचा विचार बरोबर होता असं होत नाही. "बघ, मी म्हणालो होतो ना!" हा पुरावा नसतो.

आधार खरोखर वजन पेलतो का, हे तपासायचं कसं? यासाठी मी वर्गात नेहमी एकच घटना खोलात जाऊन शिकवतो, कारण तिच्यात सगळं आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. बहुतेक मृत्यू बाळंतज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या तापाने. स्त्रियांना हा फरक ठाऊक होता आणि पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण डॉक्टर. याचं कारण काय, यावर मतांची कमतरता नव्हती. हवेतल्या दूषित प्रभावामुळे हे होतं, असं बरेच जण मानत. पण शहर एक, रुग्णालय एक, मग हवा एकाच विभागाला कशी बाधेल? आणि वाटेत रस्त्यावरच बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये हा ताप कमी का? कुणी म्हणे गर्दीमुळे, तर गर्दी उलट दुसऱ्या विभागात जास्त होती. कुणी म्हणे, मरणासन्न रुग्णाकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवत वॉर्डांतून जातो, त्या धास्तीने. सेमेलवाइसने धर्मगुरूचा रस्ता बदलवला, घंटा बंद करवली. फरक पडला नाही. पहिल्या विभागात स्त्रिया पाठीवर झोपून बाळंत होत आणि दुसऱ्यात कुशीवर, म्हणून तेही बदलून पाहिलं. तरीही मृत्यू घटले नाहीत.

मग मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारला, आणि त्याची लक्षणं बाळंतज्वरासारखी होती. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खोलीत येत, सुईणी ते काम करत नसत. सेमेलवाइसने मे महिन्यापासून क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ साली पहिल्या विभागातला मृत्युदर १.२७ टक्के झाला आणि दुसऱ्यातला १.३३.

हवेचं कारण मानणारे अडाणी नव्हते, त्यात नावाजलेले डॉक्टर होते. सेमेलवाइसचंही सुरुवातीला एक मतच होतं. फरक पडला तो एका प्रश्नाने, जो त्याने प्रत्येक मताला विचारला: तू खरं असशील तर आणखी काय काय दिसायला हवं? गर्दी हे कारण असेल तर जास्त गर्दीच्या ठिकाणी जास्त मृत्यू दिसायला हवेत. दिसत नाहीत, म्हणजे ते मत गेलं, मग मांडणारा कितीही मोठा असो. मताला अशा जागी उभं करायचं की जिथे ते पडू शकेल, आणि मग ते पडतं का हे पाहायचं. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी विसाव्या शतकात याच वृत्तीला विज्ञानाची ओळख मानलं. मला ती विज्ञानापुरती मर्यादित वाटत नाही. कुठल्याही गंभीर विचाराची ती पहिली अट आहे.

याच घटनेचा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत. हात धुण्याने मृत्यू घटतात हे विधान पक्कं झालं, पण ते का घटतात याचं सेमेलवाइसचं स्पष्टीकरण अपुरं होतं. आधी त्याला वाटलं, प्रेतातले कण हातांवरून जातात. मग १८४७च्याच शरद ऋतूत, गर्भाशयाच्या कर्करोगामुळे स्राव होत असलेल्या एका जिवंत रुग्णाला तपासून डॉक्टर पुढे गेले आणि त्यानंतरच्या बहुतेक स्त्रिया दगावल्या. तेव्हा त्याने आपलं म्हणणं रुंदावलं: प्रेतच नव्हे, जिवंत शरीरातला सडका पदार्थही घातक. जिवाणूंची भूमिका तर पुढे पाश्चर आणि कॉख यांच्या काळात उलगडली. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच सिद्धांतात पक्कं ज्ञान, अर्धवट बरोबर अंदाज आणि चूक असं सगळं शेजारी शेजारी होतं. त्यामुळे 'त्याचं म्हणणं सत्य आहे का?' हा प्रश्न नेहमी तुकडे करून विचारावा लागतो.

तुकडे करणं म्हणजे काय, ते एका साध्या वाक्यावर पाहू. 'कामाचे तास कमी केले की माणसं आळशी होतात.' हे ऐकलं की लगेच दोन गट पडतात. मी विद्यार्थ्यांना ते वाक्य उकलायला सांगतो. आत निदान तीन दावे निघतात. एक, तास कमी केल्यावर एकूण काम कमी होतं. हे मोजता येतं, आणि कामागणिक उत्तर वेगळं येऊ शकतं. दोन, काम कमी होतं ते इच्छा कमी झाल्यामुळे. हा कार्यकारणाचा दावा आहे आणि नुसत्या मोजणीने सिद्ध होत नाही, कारण वेळच कमी असेल तर इच्छा असूनही काम कमी होईल. तीन, मोकळा वेळ काम सोडून इतर गोष्टींत घालवणं वाईट आहे. हे मूल्यविधान आहे, 'आळशी' या एका शब्दाआड दडलेलं. वाद घालणारे दोघं जण बहुतेक वेळा पहिल्या दाव्यावर आकडे फेकत असतात आणि त्यांचं खरं भांडण तिसऱ्यावर असतं. ते वेगळं काढलं की आवाज आपोआप खाली येतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण "मूल्यं म्हणजे ज्याची त्याची मतं" असं म्हणून लोक विषय संपवतात. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने दाखवलं की 'असं आहे' अशा विधानांतून 'असं असायला हवं' हे विधान थेट निघत नाही, त्यासाठी आणखी काहीतरी लागतं. हे बरोबर आहे. पण त्यावरून मूल्यविधानं आवडीनिवडीच्या पातळीची ठरत नाहीत. मला निळा रंग हिरव्यापेक्षा आवडतो, यावर कुणी कारण मागत नाही आणि मी ते दिलं नाही तरी काही बिघडत नाही. 'गुलामगिरी अन्याय्य आहे' हे तसलं वाक्य नाही. इथे कारणं मागता येतात, देता येतात, त्यांतली विसंगती दाखवता येते. गुलामगिरीचं समर्थन करणारा म्हणतो की काही माणसं स्वतःचा कारभार पाहू शकत नाहीत. त्याला विचारता येतं: हे तपासलंस का? तू स्वतः त्या जागी असतास तर हाच नियम मान्य केला असतास का? असमर्थ असणाऱ्याला मदत करायची की विकायचं? अशा प्रश्नांपुढे काही मतं टिकतात आणि काही टिकत नाहीत. जिथे कारणांची देवाणघेवाण होऊ शकते तिथे "हे फक्त माझं मत" म्हणून दार लावून घेणं मला पळवाट वाटते. मत बाळगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हक्क असल्याने मत बरोबर होत नाही, आणि "का?" हा प्रश्न विचारणं म्हणजे तो हक्क हिरावणं नव्हे.

आता तुमच्या तिसऱ्या माणसाकडे वळतो, "सगळी मतंच असतात" म्हणणाऱ्याकडे. प्राचीन ग्रीक विचारवंत प्रोटॅगोरस म्हणाला होता की माणूस हाच सर्व गोष्टींचं मोजमाप आहे, ज्याला जसं वाटतं तसं त्याच्यापुरतं खरं. प्लेटोने त्यावर विचारलं: मग ज्यांना तुझं हे म्हणणं खोटं वाटतं त्यांच्यापुरतं ते खोटं, हे तुलाही मान्य करावं लागेल, नाही का? 'सगळी मतंच असतात' हे विधान सत्य म्हणून मांडलं तर ते स्वतःलाच खोडतं, आणि नुसतं मत म्हणून मांडलं तर ते मानण्याची इतरांवर काहीच सक्ती उरत नाही. तर्काचं हे उत्तर काहींना शाब्दिक वाटतं. त्यांच्यासाठी दुसरं: हाच माणूस, न केलेल्या चोरीचा आळ अंगावर आला तर "तुमच्या दृष्टीने मी चोर, माझ्या दृष्टीने नाही" यावर समाधान मानेल का? तेव्हा त्याला काय घडलं तेच हवं असतं.

इथे हमखास कुणीतरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट काढतं आणि अनेकान्तवादाचा दाखला देतं. मला ते जैन दार्शनिकांवर अन्याय करणारं वाटतं. त्या गोष्टीत हत्ती आहे. प्रत्येकाच्या हाताला त्याचा खराखुरा भाग लागला आहे. चूक आहे ती भागाला पूर्ण हत्ती समजण्यात. अनेकान्तवाद सांगतो की वस्तूला अनेक बाजू आहेत, म्हणून विधान करताना कोणत्या बाजूने बोलतो आहोत ते सांगा. ही अचूकपणाची मागणी आहे. काहीही बोललं तरी चालतं, असा परवाना त्यातून मिळत नाही.

एक अडचण याहून अवघड आहे. आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक आपण स्वतः तपासलेलं नाही आणि तपासू शकणारही नाही. व्हिएन्नाचे आकडे मी मोजले नाहीत, तुम्हीही नाहीत. मग आपलं सगळं ज्ञान उसन्या मतांचं आहे का? न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) यांच्या बरोबरीने शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं, पण अट घातली: तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट नीट कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. न्यायसूत्रं हा या परंपरेचा मूळ ग्रंथ, त्यावरच्या भाष्यात वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. सांगणारा कोण जातीचा, कोण गटाचा, हा प्रश्नच तिथे बाद होतो. उरतात दोन प्रश्न: याला हे कळायला संधी आणि क्षमता होती का? आणि खरं सांगण्यापासून याला दूर ओढणारा काही स्वार्थ आहे का? डॉक्टर औषधाबद्दल बोलतो तेव्हा पहिल्या प्रश्नावर तो पास होतो. तोच डॉक्टर ते औषध विकणाऱ्याकडून पैसे घेत असेल तर दुसऱ्यावर अडतो. आणि तो राजकारणावर बोलू लागला की पहिला प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

वाद कसा करायचा यावरही न्यायसूत्रांत नेमका भेद आहे. सत्य शोधण्यासाठी दोन्ही बाजूंनी प्रमाण आणि तर्क वापरून केलेली चर्चा तो वाद. जिंकणं हाच हेतू ठेवून, शब्दच्छलही वापरून केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं ती वितंडा. आपण कशात आहोत हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. समोरच्याचं म्हणणं पूर्वपक्ष (खोडण्याआधी मांडायची विरोधी बाजू) म्हणून मांडा, त्याच्या सगळ्यात बळकट रूपात, आणि त्याला विचारा, "तुला हेच म्हणायचं आहे ना?" तो "हो" म्हणाला तरच उत्तर द्या. माझ्या वर्गात ही अट पाळली की निम्मे वाद उत्तरापर्यंत पोचतच नाहीत, कारण पूर्वपक्ष मांडतानाच कळतं की विरोध भलत्याच गोष्टीला होता.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न, पुरावा पाहूनही मतभेद उरला तर. आधी तो कुठे उरला आहे ते शोधा. दोघं एकच शब्द वेगळ्या अर्थाने वापरत असतील तर अर्थ ठरवून तो मिटतो. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसेल तर ती देऊन मिटतो. पुराव्याला किती वजन द्यायचं यावर उरला असेल तर लगेच मिटणार नाही, पण दोघांनीही एकेक वाक्य लिहावं: 'अमुक दिसलं तर मी माझं मत बदलेन.' ज्याला असं एकही वाक्य लिहिता येत नाही, त्याच्याशी त्या विषयावर पुराव्याची चर्चा थांबवलेली बरी, कारण त्याचं मत पुराव्यावर उभंच नाही. आणि मतभेद मूल्यांच्या क्रमावर उरला असेल, म्हणजे स्वातंत्र्य आधी की सुरक्षितता, तर तो तसाच स्पष्टपणे मान्य करावा. त्यावर खोट्या आकड्यांचं पांघरूण घालू नये.

यातलं काहीच जमलं नाही तर मत न बनवणं हाही पर्याय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांच्या (इथे अर्थ, विचाराचे विषय) यादीत संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मधे प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अनुमानाचे अवयव आणि तर्क आहेत. कृती टाळता येत नसेल, समजा घरातल्या आजारी माणसासाठी दोनपैकी एक उपचार आजच निवडायचा असेल, तर ज्याचा आधार अधिक बळकट आहे आणि चुकल्यास नुकसान कमी आहे तो निवडा. पण निवड केली म्हणून संशय संपला असं स्वतःला सांगू नका. काय दिसलं तर उपचार बदलायचा, हे त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून लिहून ठेवा.